सात भागांचं गाव : ब्राउन्सव्हिल

पिट्सबर्गला शिकायला येऊन मला दीड वर्ष झालं. इथं येणारे आपले लोक पेन हिल्सच्या टेकडीवरचं वेंकटेश्वराचं देऊळ आणि शहरातले पूल आवर्जून बघतात. मी मात्र ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मित्राची गाडी घेऊन दक्षिणेला ६० किलोमीटरवरच्या ब्राउन्सव्हिलला गेलो. कारण एक मालिका.

'आय अ‍ॅम नॉट ओके विथ धिस' ही मालिका नेटफ्लिक्सवर फेब्रुवारी २०२०मध्ये आली. चार्ल्स फोर्समन यांच्या चित्रकादंबरीवर ती बेतलेली आहे. सिडनी ही सतरा वर्षांची शाळकरी मुलगी. वडिलांनी आत्महत्या केलेली, आई हॉटेलात वेट्रेस, धाकटा भाऊ. घरात वडिलांबद्दल कुणी बोलत नाही. राग आला की सिडनीच्या आसपासच्या वस्तू आपोआप हलतात, फुटतात. शेजारचा स्टॅन्ली हा जुन्या व्हिडिओ कॅसेटी आणि गाणी जपणारा अवलिया मुलगा तिच्या मदतीला येतो. गोष्ट याच ब्राउन्सव्हिलमध्ये घडते आणि बरंचसं चित्रीकरणही याच भागात झालं. सातव्या भागाच्या शेवटी एक अनोळखी सावली सिडनीसमोर उभी राहते. खरी गोष्ट आता सुरू होणार, असं वाटतं आणि तिथेच मालिका संपते. २१ ऑगस्ट २०२० रोजी, कोविडमुळे निर्माण झालेल्या परिस्थितीचं कारण देऊन नेटफ्लिक्सने ती बंद केली. त्याच दिवशी 'द सोसायटी' ही तरुणांची आणखी एक मालिकाही गेली.

त्या वर्षी जूनमध्ये आमचे बाबा अचानक गेले. लॉकडाउनमुळे दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भेटायलाही फारसं कुणी येऊ शकलं नाही. धाकटी बहीण बारावीत होती. ती कुणाशी बोलेना. रात्री मोबाइलवर हीच मालिका पुन्हा पुन्हा बघायची. पुढे मीही तिच्या शेजारी बसू लागलो. मालिका बंद झाल्याची बातमी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, हेपण अर्धंच राहिलं."

तर, ब्राउन्सव्हिल. मॉनॉन्गहेला नदीच्या काठी, उतारावर वसलेलं गाव. नदी इथून उत्तरेला पिट्सबर्गकडे वाहत जाते. एकेकाळी या गावाचा मोठा दबदबा होता. पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा 'नॅशनल रोड' इथून जायचा. इथे वाफेच्या बोटी बांधल्या जायच्या. १८१४ साली 'एंटरप्राइझ' नावाची बोट इथेच बांधली गेली आणि ती थेट न्यू ऑर्लीन्सपर्यंत गेली. नंतर कोळसा आणि कोक यांवर गाव पोसलं गेलं. तो धंदा बसला तशी माणसं निघून गेली. १९४०च्या सुमारास आठ हजारांच्या घरात असलेली वस्ती आता दोन हजारांच्या जरा वर आहे.

मार्केट स्ट्रीटवरून चालताना हे सगळं दिसतं. दगडी आणि विटांच्या देखण्या इमारती, रेल्वेच्या युनियन स्टेशनची उंच वास्तू आणि मध्येच फळ्या ठोकलेल्या खिडक्या. आपल्या रावपुऱ्यातले कुलूप लागलेले वाडे आठवले. मालिका आजची असूनही जुन्या काळातली का वाटते, ते इथे कळलं. गावाने तो काळ अजून अंगावरून उतरवलेलाच नाही.

याच रस्त्याला डनलॅप्स क्रीकवरचा पूल आहे. १८३९ साली पूर्ण झालेला हा अमेरिकेतला पहिला बिडाच्या कमानीचा पूल. दोन्ही बाजूंना इमारती इतक्या खेटून आहेत, की वरून जाताना आपण पुलावर आहोत हे लक्षातही येत नाही. बाजूने खाली वाकून पाहावं, तेव्हा कमान दिसते.

तिथूनच मी बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. इकडे सकाळचे अकरा, बडोद्याला रात्रीचे साडेआठ. तिला रस्ता दाखवला, नदी दाखवली, टेकडीवरची घरं दाखवली. "हळू फिरव ना मोबाइल!" म्हणत ती एकेक घर निरखत होती. मागे आई पोळ्या लाटत होती. तिने मालिका कधी बघितली नव्हती, पण आमचं बोलणं तिच्या कानावर असायचं. तिने लाटणं खाली ठेवलं आणि विचारलं, "त्या मुलीच्या आईचं पुढे काय झालं रे?"

आम्ही दोघं गप्प झालो. इतक्या वर्षांत सिडनी, स्टॅन्ली, ती सावली या सगळ्यांबद्दल आम्ही तर्क लढवले होते. दोन मुलांना घेऊन एकटी राहिलेल्या त्या बाईचा विचार आमच्या मनात आलाच नव्हता.

"ठाऊक नाही गं आई," बहीण म्हणाली, "पण आधी काय झालं ते सांगते. बस इथे."

मी कॉल बंद केला आणि नदीकडे उतरलो. रात्री बहिणीचा निरोप आला : दोन भाग बघून झाले, आई मध्येच थांबवून बाबांचं काहीबाही सांगत होती, उरलेले उद्या.

मालिकेत रक्त आणि शिवराळ भाषा आहे, त्यामुळे घरातल्या लहानग्यांना दाखवू नका. मोठ्यांसाठी सातही भाग मिळून तीन तासांच्या आतच आटोपतात. आमच्या घरी त्यांना चार दिवस लागले.