घाटातील वेग

खडकवासल्याहून सकाळी निघालो, तेव्हा धरणाच्या पाण्यावर धुके होते. मुंबई पाहून यावयाची, तीही 'वंदे भारत'ने, असा आम्हा कुटुंबीयांचा बेत होता. बाबांची दृष्टी काचबिंदूने मंदावत चालली आहे. थोडाफार उजेड कळतो आहे तोवर हा प्रवास घडावा, ही त्यामागील न बोललेली निकड.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या या गाडीचा थाट पाहून मुले हरखली होती. पण लोणावळा मागे पडले, वेग ओसरला आणि मुले हिरमुसली. पुण्याहून मुंबईस सुमारे सव्वातीन तास लागतात. १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीनही जवळजवळ तेवढ्याच वेळात पोहोचते! सदतीस फुटांमागे एक फूट असा बोरघाटाचा उतार. तेथे कोणाचीच घाई चालत नाही.

बाबा मात्र खिडकीकडे तोंड करून प्रसन्न बसले होते. अंधार, उजेड, पुन्हा अंधार. बोगदे त्यांना दिसत होते!

"गाडी हळू चालली म्हणून मोजता येतात रे," ते नातवाला म्हणाले. "हा डोंगर फोडताना हजारो मजूर मेले. तेव्हा कुठे १८६३ साली घाटातून गाडी धावली."

मुलांनी मोबाइल खिशात घातले आणि तीही मोजू लागली. कर्जत येईतो आजोबा-नातवंडांच्या आकड्यांत दोनाचा फरक पडला होता. परतीच्या वाटेवर पुन्हा मोजावयाचे ठरले. वेगाची तक्रार मग कोणीच केली नाही.