हाताशी

आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा घर रिकामं करताना सगळ्यात जास्त दिवस लागले ते स्वयंपाकघराला. डोंबिवली पूर्वेचा दोन खोल्यांचा ब्लॉक, त्यात जेमतेम आठ बाय सातचं स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीतलं सामान एका सकाळीच टेम्पोत चढलं. आत मात्र प्रत्येक फळीमागून काही ना काही निघतच राहिलं. बारीक दगडांनी भरलेला चहाचा डबा, दांडा नसलेली किसणी, हळदीच्या बोटांनी पानं पिवळी झालेली ‘रुचिरा’. कमलाबाई ओगल्यांनी सगळं प्रमाण वाटी-चमच्यात दिलं म्हणून आईला ते पुस्तक जवळचं वाटायचं. तोळा-मासा तिला कधी जमला नाही.

नव्या घराची चावी हाती आली आणि मी ठरवलं, स्वयंपाकघर जुन्या वळणाचंच करायचं. सजावट करणाऱ्या मुलीने मन लावून फोटो जमवले. चौकड्यांच्या फरशा, पितळी दिवे, बदामी रंगाचा गोलसर फ्रिज. खरंच देखणे फोटो होते. ती म्हणाली, याला रेट्रो म्हणतात. मी एकेक फोटो सावकाश पाहिला आणि माझ्या लक्षात आलं, मला हवं होतं ते जुनेपण यात कुठेच नव्हतं. पाण्याचं पिंप नव्हतं, मांडणी नव्हती, खुंटीला उलटी टांगलेली परात नव्हती. कडप्पाही नव्हता.

कडप्प्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेली ही काळी फरशी आमच्या पिढीच्या हजारो घरांतला ओटा झाली. आमच्या ओट्याच्या उजव्या कोपऱ्याला टवका उडालेला होता, कारण आई नारळ तिथेच आपटायची. गॅसच्या डाव्या बाजूला, पोळपाट ठेवायच्या जागी दगड गुळगुळीत होऊन किंचित खोल गेला होता. डोळ्यांना दिसायचं नाही, तळहात फिरवला की कळायचं. पोळपाट तिथे नेमका बसायचा, हलायचा नाही. इमारत पाडायच्या आधी मी मिस्त्रींना विनवून तेवढा दोन फुटांचा तुकडा काढून घेतला. तीन वर्षं तो भावाच्या गॅलरीत गोणपाटात गुंडाळलेला होता. आता माझ्या नव्या ओट्यात तो बसवलाय. बाकी ओटा चकचकीत ग्रॅनाइटचा आणि मधेच हा जुनाट तुकडा. सजावटवालीला सांधा खटकतो. मला त्या सांध्यावर हात फिरवायला आवडतं.

पितळेचं मात्र वेगळं झालं. घरात पितळ उरलंच नव्हतं. लग्नात आलेले हंडे, डबे, पातेली आईने ऐंशीच्या दशकात एकेक करून मोडीत दिली आणि स्टील घेतलं. मी विचारलं, “आई, वाईट नाही वाटलं?” ती म्हणाली, “अगं, वाईट कसलं! चिंच घेऊन घासून घासून हात फाटायचे. स्टीलचं पातेलं पहिल्यांदा धुतलं ना, त्या दिवशी मला सुटी मिळाल्यासारखं वाटलं.” हे मी विसरू शकत नाही. जुन्या स्वयंपाकघराची ओढ मला आहे. त्याची मजुरी तिने केली आहे.

तरी मी ठाण्याला गेले. जांभळी नाक्याच्या बाजारात पायऱ्यांखालच्या एका दुकानात जुनं पितळ किलोवर मिळालं. डब्यांच्या उतरंडीतून एक कडीचा डबा हाती आला. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव, खाली ‘आत्याकडून’ आणि साल १९६२. कोणाची आत्या, कोणत्या कार्याला, कोणी मोडीत दिला, काहीच कळायला मार्ग नव्हता. दुकानदार म्हणाले, नाव पॉलिशने घालवून देतो. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या घरचा डबा आपल्या घरी आणायचा तर त्याच्या नावासकट आणावा. आता त्यात पोहे असतात आणि नावाची बाजू मी बाहेरच ठेवते.

त्याच बाजारातून पातेलंही आणलं आणि कौतुकाने त्यात चिंचगुळाची आमटी केली. आतली कल्हई गेलेली आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. तासाभराने चव घेतली तर जिभेला धातूचा कडवट चरचरीत स्पर्श. आमटी कळकली होती. लहानपणी ‘ताक कळकलं’ हे शब्द किती वेळा ऐकले होते, पण त्याची चव मला त्या दिवशी कळली. अख्खी आमटी ओतून दिली. मग कल्याणच्या जुन्या बाजारात एक कल्हईवाले गाठले. त्यांनी पातेलं भट्टीवर तापवलं, नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उसळला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाचा बोळा एका झटक्यात आतून फिरवला. काळपट पितळेवर चांदणं पसरावं तसं ते कथील पसरलं. पाण्यात बुडवताच चर्रर्र! हा आवाज ऐकून मी तिथेच लहान झाले.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी विळ्या, अडकित्ते, झारे काचेआड पाहिले आहेत. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने ते उभं केलं आणि हातातल्या साध्या वस्तूंना मान दिला; त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. पण घरातल्या वस्तूंना काच नको. म्हणून ‘पितळ वरच्या फळीवर दिवे सोडून मांडू’ ही सूचना मी मान्य केली नाही. सगळं हात पोचेल अशा उंचीवरच.

कारण आईचं स्वयंपाकघर बेतलं होतं ते लोकलच्या वेळेवर. पहाटे साडेचारला आमच्या इमारतीत एकामागून एक स्वयंपाकघरांचे दिवे लागायचे. नळाला पाणी त्याच सुमाराला. पाणी भरायचं, तीन डबे भरायचे आणि स्वतः सात-सव्वासातची गाडी धरायची. भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. डब्यासाठी वळून बघायलाही फुरसत नसे, म्हणून सांडशी, झारा, उलथणं, मिसळणाचा डबा यांच्या जागा ठरलेल्या. संध्याकाळी परतताना बायकांच्या डब्यात मेथी निवडून व्हायची. घाटकोपरला सुरू केलेली जुडी डोंबिवलीला संपायची.

आजच्या मोड्युलर किचनचं मूळ समजलं जातं ते १९२६ सालचं फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी कामकरी कुटुंबांच्या घरांसाठी ते आखलं. लांबीला साडेतीन मीटरांच्या आत, रुंदीला दोन मीटरांहूनही कमी. स्वयंपाक करणारीची पावलं वाचावीत म्हणून त्यांनी आगगाडीतल्या भोजनयानाच्या स्वयंपाकघराचा अभ्यास केला होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. आगगाडीकडे बघून आखलेलं स्वयंपाकघर तिकडे, आणि आगगाडी गाठण्यासाठी आखलेलं इकडे. आईला कोणी आराखडा काढून दिला नव्हता. रोजच्या धावपळीने तिने तो भिंतीवर खिळ्या-खिळ्याने काढला.

म्हणून मी सुताराला फोटो दिले नाहीत, मापं दिली. मांडणी कुठवर, खुंटी किती उंचीवर, पिंप ओट्यापासून किती हातांवर. ही मापं जुनं घर पाडण्याआधी शिवणटेपने घेऊन ठेवली होती.

गेल्या महिन्यात आई राहायला आली. पोहे करायला उभी राहिली. पोळपाटाच्या जागेवर तिचा तळहात टेकला, टेकूनच राहिला. मग बघितल्याशिवाय उजवा हात वर गेला, सांडशी हाती आली. फोडणी झाली. आणि डावा हात खिडकीच्या चौकटीकडे गेला, तिथे चाचपला, रिकामाच परत आला.

“काय हवंय?” मी विचारलं.

“काही नाही गं. तिथे स्टोव्हची पिन असायची.”

रॉकेलचा स्टोव्ह आमच्या घरातून गेला, तेव्हा मी तिसरीत होते. त्या बाजूचं माप मी घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हातोडी आणून आईलाच हात वर करायला सांगितला, तिचं बोट टेकलं तिथे पेन्सिलीने खूण केली आणि एक खिळा ठोकला.