ओंडक्यांचा किनारा

दोस्तांनो, समुद्र म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मऊ वाळू, भेळ आणि लाटांत डुंबणं! पण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या रिआल्टो किनाऱ्यावर जाल, तर ऐन जुलैतही स्वेटर न्या बरं का! इथे पायाखाली गुळगुळीत गोटे, पाणी बर्फासारखं गार आणि काठावर भलेमोठे ओंडके. काही तर एसटीपेक्षाही लांब!

हे आले कुठून? जंगलातून! हा किनारा 1938 साली झालेल्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात आहे. त्यातल्या हो नदीच्या खोऱ्यात वर्षाला सुमारे साडेतीनशे सेंटिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः हिवाळ्यात. जंगलात कोसळलेल्या झाडाच्या खोडावर नवी रोपं रुजतात. नदीकाठची झाडं मात्र पुरात वाहत समुद्रात जातात आणि वादळी लाटा त्यांना किनाऱ्यावर फेकतात.

ओंडक्यांवर उड्या माराव्याशा वाटतील, पण थांबा! भरतीची लाट एवढं मोठं धूड सहज उचलते. त्याखाली सापडून माणसं दगावली आहेत.

इथून अडीच किलोमीटरवर खडकाला आरपार भोक आहे. ओहोटीला तिथल्या डबक्यांत जांभळे, केशरी तारामासे दिसतात. आम्ही निघालो, पण वाटेतच भरती लागली. मुलं हिरमुसली, तरी मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून गेलो. भोक तिथेच होतं!