कोळशाचा जमाखर्च

'कोळसा उगाळावा तितका काळाच', यापलीकडे शहरी माणसाचा कोळशाशी व्यवहार नसतो. पण चंद्रपूर जिल्ह्यात बदली झालेल्या बँक कारकुनाला ही चैन परवडत नाही. तिथे कोळसा खिडकीच्या गजावर असतो, लेजरवर असतो आणि पांढऱ्या सदऱ्यावर तर मुदत ठेवीसारखा मुक्कामाला असतो.

उघडी खाण ही खरं म्हणजे मातीची खाण. कोळसा आपला व्याजासारखा मिळतो. आधी वरची सुपीक माती खरवडून वेगळी ठेवतात. मग खडकात ओळीने भोकं पाडून सुरुंगाची दारू भरतात. भोंगा होतो, माणसं लांब जातात आणि धडाम्! मग अवाढव्य शॉव्हेल तो ढिगारा डंपरमध्ये ओततं. डंपरचं नुसतं चाक आमच्या हेडकॅशियरपेक्षा उंच. आणि ते बसलेले नव्हे, उभे!

या वरच्या दगडमातीला खाणवाले 'ओबी' म्हणतात. आम्ही कॉमर्सवाले 'ओव्हरहेड' म्हणू. एका टन कोळशामागे किती घनमीटर ओबी, यावर खाणीचा नफातोटा. समजा पाच निघाली, तर एका टनापायी दहा टनांहून जास्त ओझं उपसायचं. आमच्याकडेही एका सहीपायी चार फॉर्म भरून घेतात, पण आम्हाला सुरुंग लावायची परवानगी नाही.

शेवटी कोळशाचा थर उघडा पडतो. तो फोडून क्रशरमध्ये घालतात, तिथे त्याचे वीतभरापेक्षा लहान तुकडे होतात आणि पट्ट्यावरून ते रेल्वेच्या वाघिणीत किंवा थेट वीज केंद्रात जातात. २०१२ सालापासून त्याची प्रत उष्मांकावर ठरते. जी-१ ते जी-१७ अशा सतरा इयत्ता! पहिलीतला सर्वांत हुशार, सतरावीतला ढ. कोळशाची शाळाही उलटीच.

खाण पुढे सरकते तशी मागच्या खड्ड्यात ओबी परत भरतात, वर राखून ठेवलेली माती पसरतात, झाडं लावतात. जमाखर्च जुळतो.

हे सगळं मी एकदा काउंटरवर एका आजोबांना सांगत होतो. वावर खाणीत गेलेलं, मोबदल्याचा चेक हातात. ते म्हणाले, "माती परत टाकतेत म्हणता साहेब, मंग वावर परत भेटंल का?"

मी घाईघाईने मुदत ठेवीचा दर सांगितला. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि शांतपणे विचारलं,

"याच्यात तूर किती होते?"