डाव टाकावा की खेळावा?

पत्त्यांविषयी धर्मगुरूने लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. परंतु नाताळच्या सुट्टीत पत्त्यांचा कॅट निघत नाही अशी घरे आपल्या धर्मग्रामांत किती असतील, याचा प्रत्येकाने आपल्याशीच विचार करावा. आमच्या घरी तो निघत असे. गोठ्याचे दिवे मालवले की सतरंजी पडे आणि वडील मेंढीकोटाची पाने वाटू लागत. एक्का सर्वांत थोर, त्याखालोखाल राजा, मग राणी, मग गुलाम. आणि दश्शा म्हणजे मेंढी, ती जपायची. ही उतरंड माझ्या मनात इतकी खोल रुजली होती की ती जगाच्या आरंभापासून चालत आलेली आहे असेच मला वाटे.

सेमिनरीत आल्यावर पहिला धक्का बसला तो तत्त्वज्ञानाच्या तासाला नव्हे, तर संध्याकाळच्या करमणुकीच्या वेळी. केरळातून आलेले बंधू ‘अठ्ठावीस’ नावाचा खेळ खेळत. पत्ते तेच, भिडू समोरासमोर बसलेले, हात करायचे तेही तसेच. मला वाटले, मेंढीकोटच आहे, वेगळे काय असणार? एका हाताला माझ्याकडे त्या रंगाचे पान नव्हते. बिनकामाचे समजून मी बदामचा गुलाम टाकून दिला. माझा भिडू कपाळावर हात मारून उठून उभा राहिला. अठ्ठावीसमध्ये गुलाम सर्वांत मोठा. तो तीन गुणांचा. नव्वा दोन गुणांचा, एक्का आणि दश्शा एकेक गुणाचे, राजा-राणीला तर गुणच नाहीत. एका रंगाचे सात गुण, चार रंगांचे अठ्ठावीस, म्हणून खेळाचे ते नाव. मी प्रतिस्पर्ध्याला तीन गुण आपणहून दान केले होते. तो भिडू आज धर्मगुरू आहे आणि भेट झाली की अजूनही “गुलाम कुठे आहे?” असे विचारतो.

हा विनोदी प्रसंग आज आठवण्याचे कारण मात्र विनोदी नाही.

काही वर्षांपूर्वी मी नागपुरातील एका धर्मग्रामात होतो. तेथील एक कुटुंब माझ्या विशेष परिचयाचे झाले. घरातील कर्ते गृहस्थ एका कार्यालयात हिशेबनीस होते. स्वभावाने सरळ, रविवारची मिस्सा न चुकविणारे. त्यांना सारे ‘भाऊ’ म्हणत, मीही म्हणे. (पुढे लिहीत आहे ते त्यांच्या अनुमतीने आणि नाव न देता. पापनिवेदनात कळलेली ही गोष्ट नव्हे, ती त्यांनी माझ्या दिवाणखान्यात बसून सांगितली.) त्यांच्या घरी रविवारी दुपारी तेरा पानांची रमी रंगत असे आणि क्वचित मीही बसे. दहा डाव खेळायचे, वहीत गुण मांडायचे, आणि शेवटी ज्याचे गुण सर्वांत जास्त त्याने सर्वांना समोसे आणायचे. पैशाचा संबंध एवढाच.

या घरगुती रमीत एक नियम होता: पाने कितीही वाईट आली तरी डाव सोडायचा नाही. चित्रे आधी टाकावीत, कारण एक्का, राजा, राणी, गुलाम प्रत्येकी दहा गुणांचे. मग जोकरची वाट पाहावी. मग चिकाटीने एक शुद्ध सिक्वेन्स उभा करावा. भाऊ या चिकाटीत निष्णात होते. ऐंशी गुणांची हार दिसत असताना ते ती तिसावर आणून ठेवीत. “डाव टाकणं म्हणजे पळून जाणं, फादर,” असे ते म्हणत, आणि मी त्यांचे कौतुक करीत असे.

कौतुकावरच मी थांबलो असतो तर बरे झाले असते. एकदा रामटेकजवळ खिंडसी तलावावर धर्मग्रामाची सहल गेली होती. जेवणानंतर रमीचे दोन-तीन फड बसले आणि एका ज्येष्ठ बाईंनी मला विचारले, “फादर, हा जुगार नाही का हो?” मला तेव्हा माझे वाचन दाखविण्याची हौस आली. मी सांगितले की, १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा केवळ नशिबाचा खेळ नाही असा निर्णय दिला. तीन पत्ती निव्वळ दैवाधीन. रमीत मात्र पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे नि कोणते सोडावे याला कसब लागते. आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला हे आपल्याच नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, १९५४ ते १९५६ नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश! नागपूरकरांच्या माना अभिमानाने डोलल्या. भाऊ तर पुढे कित्येक दिवस हे सर्वांना सांगत होते.

त्याच निकालात पुढे असेही आहे की, पैसे लावून खेळविल्या जाणाऱ्या रमीतून जागेचा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. ते मी सांगितले नाही. खरे तर ते माझ्या स्मरणातच राहिले नव्हते.

नंतर माझी बदली झाली. २०२० ची टाळेबंदी आली, माणसे घरांत कोंडली गेली आणि भाऊंच्या हाती मुलाने घेऊन दिलेला मोबाइल आला. २०२३ च्या आगमनकाळात एका संध्याकाळी ते आणि वहिनी माझ्याकडे आले. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. भाऊंनी खिशातून एक वही काढली. हिशेबनिसाचीच ती वही, तारीखवार मांडलेली, एकही खाडाखोड नाही. मोबाइलवरच्या रमीत अडीच वर्षांत पावणेचार लाख रुपये गेले होते. त्यांत मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे होते आणि पतसंस्थेचे कर्जही होते.

“फादर, तुम्हीच तर म्हटलं होतं न, की हा कसबाचा खेळ आहे म्हणून,” ते म्हणाले. त्यांच्या स्वरात आरोप नव्हता, म्हणून ते अधिक लागले. “मले वाटलं, मी चाळीस वर्षं खेळून राहिलो. कसब तर आहे मह्याकडे.”

ते दोघे गेल्यावर ती वही माझ्याकडेच राहिली आणि मी ती रात्री उशिरापर्यंत वाचली. काही दिवस या खेळाचे नियम समजून घेण्यात घालविले. जे उमगले ते येथे जरा विस्ताराने सांगतो.

मोबाइलवर एक रमी नव्हती, तीन होत्या. दिसायला सख्ख्या बहिणी. पहिलीत ठराविक डाव खेळायचे, डाव टाकण्याची सोय नाही. ही आमच्या रविवारच्या रमीसारखीच. दुसरी ‘पूल’. तिच्यात गुण साठत जातात आणि १०१ झाले की माणूस बाहेर. पहिल्याच पाळीला डाव टाकला तर २० गुण, मधूनच टाकला तर ४०. म्हणजे डाव टाकणे ही मोजकी शिदोरी आहे: शून्यापासून पाच वेळा टाकता येतो, शंभर होतात, सहावी संधी नाही. ८० गुणांवर असताना टाकलेला डाव तुम्हांला जगवितो. ८१ वर तोच डाव तुम्हांला मारतो. पाने तीच, गुण एकाने वेगळा, आणि निर्णय उलटा! समोरचा ८५ वर असेल तर त्याला टाकता येत नाही, तो पडेल ती पाने घेऊन खेळणार, हेही ध्यानी घ्यावे लागते. (अर्धवट राहिलेल्या खेळातील पैसे कसे वाटावेत यावर १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेचे गणित आकारास आले. पुढे ख्रिस्ती श्रद्धेवर चिंतन लिहिणारा तो हाच पास्कल.)

तिसरी ‘पॉइंट’ रमी. भाऊ हीच खेळत, कारण एक डाव काही मिनिटांत आटोपतो. येथे प्रत्येक गुणाला रुपयांत किंमत. दोन रुपये गुण धरला तर पहिल्याच पाळीला डाव टाकणाऱ्याचे ४० रुपये जातात आणि पूर्ण हरणाऱ्याचे ८० गुणांचे १६०. शुद्ध सिक्वेन्स लागला नाही तर हातातील सारी पाने मोजली जातात. म्हणून तेरा पाने उचलल्याबरोबर, जोकर नाही, सलग पाने नाहीत असे दिसताच, निमूटपणे डाव टाकणे हेच या रमीतील पहिले कसब होय. आमच्या घरी शेवटचा क्रमांक तेवढा चुकवायचा असे. दुसऱ्या आलेल्याचे गुण शंभर की दीडशे, याला अर्थ नव्हता. येथे एकेका गुणाची वसुली होती. भाऊंनी घरची चिकाटी येथे आणली. वहीत एका दिवशी ओळीने चार डाव हरल्याचे दिसले: १६०, १६०, १४२, १६०. सुरुवातीलाच टाकले असते तर चारांचे मिळून १६० गेले असते.

आणि जिंकणाऱ्याच्या रकमेतूनही दर वेळी कंपनी आपला वाटा कापून घेई. टेबलावरील सारे जण सारखेच हुशार असले, तरी टेबलावरचे पैसे दर डावाला कमी होत.

माझा एक भाचा अमेरिकेत गणित शिकवितो. त्याला मी हे लिहिले तेव्हा त्याने तेथील पोकर-यंत्रांचे उदाहरण कळविले. यंत्र पाच पाने देते. हवी ती ठेवून उरलेली एकदाच बदलता येतात. एका प्रकारात चारही दुर्र्या जोकर असतात. समजा, हाती दोन अठ्ठे, दोन राजे आणि एक फुटकळ पान आले. दोन्ही जोड्या ठेवल्या तर उरलेल्या ४७ पानांपैकी आठ पाने फुल हाउस लावून देतात. शेजारी शेजारी दोन यंत्रे, रंगरूप एक. पहिल्यावर फुल हाउसला एकास तीन आणि एकाच अंकाच्या चार पानांना पाच. दुसऱ्यावर दोन्हींना चार. पहिल्या यंत्रावर दोन्ही जोड्या ठेवणाऱ्याला रुपयामागे सरासरी ५१ पैसे परत येतात, एक जोडी फेकून देणाऱ्याला ५६. दुसऱ्यावर दोन्ही ठेवणाऱ्याला ६८, म्हणून तेथे जोडी फेकणे हा मूर्खपणा. “मामा, हातातली पाने पाहण्याआधी काचेवरचा बक्षिसांचा तक्ता वाचावा लागतो,” असे त्याने लिहिले होते. मी ते पत्र जपून ठेवले आहे.

न्यायमूर्तींनी सांगितलेले कसब खरेच होते. पण ते एका खेळाचे कसब होते. सिकंदराबादच्या क्लबात माणसे समोरासमोर बसत, एकमेकांचे चेहरे ओळखत, रात्री घरी जात. भाऊ पहाटे तीन वाजता, अंथरुणात, अनोळखी नावांशी खेळत होते. मी एका खेळावरचा शिक्का दुसऱ्या खेळाला लावून दिला, आणि वर नागपूरचा अभिमान!

ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ आपल्या २४१३ व्या परिच्छेदात पैजा आणि नशिबाचे खेळ यांना मुळातच अन्याय्य म्हणत नाही. माणसाच्या स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेचे त्याच्याकडून हिरावले जाऊ लागले की ते नीतीला सोडून होतात, असे तो म्हणतो. व्यसनातून येणाऱ्या गुलामगिरीचाही इशारा देतो. तेथे कसब की नशीब हा प्रश्नच येत नाही. खिंडसीच्या काठावर मला तो परिच्छेद आठवायला हवा होता. मला आठवला तो खटला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्यानेही तो भेद बाजूला सारला: कसबाचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ निषिद्ध. भाऊंच्या घरी मात्र ही बंदी वहिनींनी दोन वर्षे आधीच घातली होती.

मी भाऊंची क्षमा मागितली. ते संकोचून गेले. धर्मगुरूने क्षमा मागितलेली आपल्या माणसांना सोसवत नाही. कर्जाचे हप्ते पतसंस्थेकडून वाढवून घेतले. मुलीची फी दोन कुटुंबांनी मिळून भरली. भाऊ ती महिन्याला थोडी थोडी फेडीत आहेत. त्यासाठी ते संध्याकाळी एका दुकानाचे हिशेब लिहितात. वही तीच आहे, पान उलटून दुसऱ्या बाजूने सुरू केलेली.

गेल्या नाताळात त्यांनी मला जेवायला बोलाविले. जेवणानंतर मुलीने चाचरत विचारले, “बाबा, पत्ते काढू?” क्षणभर कोणी बोलेना. मग वहिनींनीच कपाटातून कॅट आणून माझ्यापुढे ठेवला. मी पाने वाटली. भाऊंनी तेरा पाने उचलून लावली, बराच वेळ पाहिली आणि पालथी करून सतरंजीवर ठेवली. “मी टाकला डाव,” ते म्हणाले.

“असं कसं?” वहिनी म्हणाल्या, “आपल्या घरी टाकता येत नाही. उचला पाने.”

त्यांनी उचलली. समोसे त्या रात्री मला आणावे लागले.