वाळूत उमटलेले हात

कुंभकोणमकडे जाणारी सकाळची गाडी पापनाशम सोडून गेली की आमच्या गल्लीत तासभर सामसूम असते. सासूबाई 108 शिवालयात गेलेल्या असतात. तेवढ्या वेळात मी तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसून जुन्या कादंबऱ्या वाचते. नवं पुस्तक कधीही, कुठंही वाचता येतं. ज्याच्यावर एकदा जीव जडलाय ते मात्र अशा निवांत वेळीच उघडावंसं वाटतं.

सध्या ‘हिंदोळ्यावर’ चाललीय. माहेरून आणलेली ही प्रत. मुखपृष्ठ केव्हाच गेलंय, पहिलं पानही अर्धं फाटलंय. त्या अर्ध्या पानावर कोणीतरी निळ्या शाईनं ‘विभावरी शिरूरकर’ असं लिहून ठेवलं आहे, आणि खाली दुसऱ्याच कोणाच्या पेन्सिलीच्या अक्षरात, कंसात, ‘मालतीबाई बेडेकर’. शाईतला र गोल आहे, पेन्सिलीतला टोकदार. पुस्तक माझ्याकडे येण्याआधी निदान दोघांना तरी हे कोणी लिहिलं ते नोंदवून ठेवावंसं वाटलं होतं.

1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, पुढच्या वर्षी ‘हिंदोळ्यावर’, आणि ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाचं वय उलटून चाललेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघडं कोणी लिहावं? संतापही झाला तो प्रचंड. लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे. घोडनदीला जन्मल्या. घोडनदी म्हणजेच शिरूर, म्हणून त्या शिरूरकर; आणि विभावरी म्हणजे रात्र. 1938 मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई झाल्या.

पहिल्यांदा ही कादंबरी वाचली तेव्हा पुढं काय होतं एवढंच हवं होतं. आता पुढचं सगळं पाठ आहे, तेव्हा मी वाक्याच्या मागं कोण उभं आहे ते बघते. बाळूताईंचं नाव कळलं तरी माझं समाधान होत नाही. रात्री दिवा मंद करून आपलं दुःख कुजबुजणाऱ्या ज्या मैत्रिणी त्यांना भेटल्या असतील, त्यांचे उसासे या पानांत आहेत. त्यांची नावं शाईत नाहीत आणि पेन्सिलीतही नाहीत.

इकडं आल्यावर तमिळ लेखिका वै. मु. कोदैनायकी यांची हकीकत ऐकली आणि मी कितीतरी दिवस तिच्यातच होते. लहानपणीच लग्न झालेल्या या बाईंना गोष्टी सुचत, पण लिहिता येत नसे. 1924 च्या सुमारास त्यांनी पहिलं नाटक तोंडी सांगितलं आणि पट्टम्माळ नावाच्या मैत्रिणीनं ते उतरवून घेतलं. पुढं कोदैनायकींनी शंभरावर कादंबऱ्या लिहिल्या, ‘जगन्मोहिनी’ मासिक चालवलं. मला त्या दोघी डोळ्यांसमोर दिसतात. एक बोलतेय, दुसरीचा हात भरून आलाय, आणि एखाद्या ठिकाणी पट्टम्माळ मान वर करून विचारते, “इथं ती रडली असेल का गं?” एवढ्यानंही वाक्य बदलतं. मग ते वाक्य कोणाचं?

आमच्या गावापासून जवळच उत्तमदानपुरम् आहे. तंजावरच्या एका राजानं एकादशीला चुकून विडा खाल्ला आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून ते अग्रहार वसवून दान दिलं, अशी आख्यायिका आहे. 1855 मध्ये जन्मलेले उ. वे. सामिनाथ अय्यर मूळचे तिथले. त्यांनी ताडपत्रं शोधण्यात आयुष्य घालवलं आणि हरवलेली जुनी तमिळ काव्यं छापून लोकांच्या हाती दिली. त्यांचे गुरू मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै तोंडानं पद्यं सांगत, शिष्य लोखंडी लेखणीनं ताडपत्रावर कोरून घेत. ‘कुचेलोपाख्यान’ हे काव्य वल्लूर देवराज पिळ्ळै या धनिक शिष्याच्या नावावर प्रसिद्ध झालं. ते रचलं गुरूंनी. सामिनाथांनी गुरूंचं चरित्र लिहिताना ही गोष्ट सांगून टाकली. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटते. मेलेल्या कवीची ओळ त्याची त्याला परत करायची, यासाठी कुठल्या कुठल्या गावांतल्या माळ्यांवरची धूळ त्यांनी झटकली! आमच्या तंजावरच्या मराठी नाटकांवर तिथल्याच शहाजीराजांचं नाव आहे. राजा रसिक होता, लिहिताही होता. पण त्या ओळी वाचताना दरबारातल्या बोरूच्या टोकाचा आवाज मला ऐकू येतोच.

सासूबाई परतल्या. पदराला विभूती लागलेली, हातात विड्याच्या पानांची जुडी. त्या 108 शिवालयाची कथा अशी की खर-दूषणांच्या वधाचं पाप फिटावं म्हणून रामानं पूजा मांडली. काशीहून लिंग आणायला गेलेल्या हनुमंताला उशीर झाला, तेव्हा सीतेनं नदीच्या वाळूची 107 लिंगं केली. हनुमंतानं आणलेलं एकशेआठवं, ते बाहेर आहे.

“आई, लिंगं केली सीतेनं आणि देवाचं नाव रामलिंगस्वामी?” मी विचारलं.

त्यांनी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. म्हणाल्या, “मी तर रोज तिचीच म्हणून मोजते. आज मध्येच चुकले, मग पहिल्यापासून मोजली.”