सायकल येते का?

एडिसन, न्यू जर्सी
15 जून 2025

प्रिय सुलू,

तुझा व्हॉट्सॲपवरचा निरोप ऐकला. मागे बार रूमचा पंखा घरघरत होता, कुणीतरी चहा सांगत होतं, आणि तू विचारत होतीस, "अगं, पोरगी आत्ताशी पहिल्या वर्षाला ना? मग तिच्या नोकरीचं कसलं घेऊन बसलीस?" याचं उत्तर अंगठ्यानं टाइप करण्याजोगं नाही, म्हणून सरळ पत्र लिहायला बसले. तुझा भाचाही मुंबईच्या विधी विद्यापीठात 'डे झीरो'ची, म्हणजे फर्मच्या कँपस मुलाखतींची, तयारी करतोय म्हणालीस. त्यालाही वाचायला दे. तेवढाच मावशीच्या मैत्रिणीचा उपयोग.

आधी हिशेब सांगते. इथे कायदा शिकायचा तो पदवीनंतर, तीन वर्षं. माझी लेक ईरा गेल्या ऑगस्टमध्ये दाखल झाली आणि मे महिन्यात तिचं पहिलं वर्ष संपलं. मोठ्या लॉ फर्म मुलांना घेतात त्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात, दहाएक आठवड्यांच्या कामासाठी. त्या दहा आठवड्यांत फार घोळ घातला नाही, तर पदवीनंतरची नोकरी बहुतेकांना तिथेच मिळते. म्हणजे खरी निवड होते ती त्याही आधी वर्षभर. 2025 च्या जूनमध्ये पोरांची 2027 ची नोकरी ठरतेय. आपल्या कोर्टात तारखा पुढे पुढे जातात, इथे त्या मागे मागे येतात.

पूर्वी एवढी घाई नव्हती म्हणे. उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्टमध्ये, फर्मची माणसं कॉलेजात यायची. मुलं आपल्या पसंतीच्या फर्मची यादी द्यायची आणि वीस-वीस मिनिटांच्या मुलाखती रांगेनं व्हायच्या. 'नाल्प' नावाची एक संघटना या सगळ्याचे नियम घालून द्यायची. नोकरी देऊ केली की विचार करायला 28 दिवस, असाही एक नियम होता. 2018 च्या डिसेंबरमध्ये तिनं ही वेळापत्रकाची बंधनं काढून टाकली. मग काय, एका फर्मनं थोडं आधी जाळं टाकलं, दुसरीनं त्याच्याही आधी. आता कॉलेजचा रीतसर कार्यक्रम सुरू होईतो बऱ्याच जागा भरलेल्या असतात. मुलं वाट बघत नाहीत, थेट अर्ज टाकतात. आमच्या बाईसाहेबांनी एप्रिलपासून टाकले. एका बाजूला परीक्षेचा अभ्यास, दुसऱ्या बाजूला अर्ज. घरी आली की फ्रिज उघडून नुसती उभी राहायची. काय हवंय ते तिलाच आठवायचं नाही.

आणि अर्जाबरोबर जोडायला हातात काय, तर पहिल्या सत्राचे गुण. करार, अपकृत्यं, दिवाणी प्रक्रिया, असे मोजके विषय. प्रत्येकाची सत्राअखेर बहुधा एकच परीक्षा. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता क्रमांक. वर्गातल्या किती जणांना वरची श्रेणी द्यायची, तेही साधारण आधीच ठरलेलं. म्हणजे शेजारणीचा पेपर उत्तम गेला, की आपला आपोआप वाईट. डिसेंबरमधल्या त्या काही तासांवर माणसाचा पुढचा रस्ता ठरतो. आपण एलएल.बी.च्या पहिल्या वर्षी डिसेंबरात काय करत होतो, आठव. तू बहुतेक माझ्या नोट्स हरवत होतीस.

एवढं धावायचं कशासाठी, असंही विचारशील. न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाच्या वकिलाला वर्षाला सव्वादोन लाख डॉलर देतात. 2023 च्या अखेरीस 'मिलबँक'नं हा आकडा लावला, आणि बाकीच्या मोठ्या फर्म एकामागून एक त्याच आकड्यावर आल्या. ऐकून डोळे पांढरे करू नकोस, पुढचंही ऐक. चांगल्या खासगी कॉलेजची नुसती फी वर्षाला पाऊण लाख डॉलरच्या घरात, राहणं-खाणं वेगळं. बहुतेक पोरं कर्ज काढून शिकतात. शिवाय नोकरीत तासाचे दहा तुकडे करून सहा-सहा मिनिटांचा हिशेब लिहायचा, आणि असे वर्षाला एकोणीसशे-दोन हजार तास अशिलांच्या नावावर लागले पाहिजेत. पुकारा व्हायची वाट बघत तू कँटीनमध्ये जे तास घालवलेस, ते कुणाच्या नावावर लावले असतेस?

आता तयारीचं सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. मला वाटलं होतं, पोरगी कायद्याची पुस्तकं घेऊन बसेल. छे! इथे मुलाखतीत कायदा जवळजवळ विचारतच नाहीत. विचारतात काय, तर आमच्याच फर्ममध्ये का यायचंय? कधी अपयश आलं का, मग काय केलंस? दोन माणसांचं पटत नसताना काम कसं पुढे नेलंस? बायोडेटा एका पानाचा, आणि त्यातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवून 'हे सांग' म्हणायची त्यांना मुभा. तळाशी 'आवडीनिवडी' म्हणून एक ओळ असते. ईरानं तिथे लिहिलं होतं, ढोल-ताशा पथक. मी म्हटलं, अगं, हे कशाला? काहीतरी भारदस्त लिही. तर एका मुलाखतीत वीसपैकी बारा मिनिटं ढोलावरच गेली. किती वजनाचा असतो, कमरेला कसा बांधतात, साठ जण एका ठेक्यात कसे येतात, एखाद्याचा हात चुकला तर काय करता. हिनं सांगितलं, चुकलेल्याकडे बघायचं नाही, ताशाकडे कान ठेवायचा. ते गृहस्थ खूष. त्या फर्मचं दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं.

घरात सराव माझ्याबरोबर. मी ओट्यापाशी पोळ्या लाटतेय आणि ही समोर स्टुलावर ताठ बसून सांगतेय, आपण कायद्याकडे का वळलो. आठ दिवसांत मला ते उत्तर पाठ झालं. नवव्या दिवशी मी म्हटलं, "ईरा, हे तू म्हणतेयस असं वाटत नाही गं. देवापुढे रामरक्षा म्हटल्यासारखं येतंय." रुसली. मग रात्री पुन्हा आली आणि या वेळी नुसतं बोलली. पोळी खातखात, अडखळत. ते मात्र चांगलं होतं.

हे सगळं बघताना मला सारखे कांदेपोहे आठवत होते. तीच इस्त्री, तीच ठेवणीतली साडी. फक्त इथे साडीऐवजी काळा सूट, आणि पहिली फेरी झूमवर असली तर कमरेखाली घरातलाच पायजमा. फरक एकच. आपल्याला 'तुला काही विचारायचंय का?' असं विचारत, तेव्हा मान हलवून 'नाही' म्हणायचं असायचं. इथे 'नाही' म्हटलंस की गेलीस. शेवटच्या त्या पाच मिनिटांसाठी ईरानं प्रत्येक फर्मची वेगळी वही केलीय. नव्या माणसाला पहिल्या वर्षी काय काम देता, चूक झाली तर सांगतं कोण, असं सगळं. दुसऱ्या फेरीत तर चार-पाच वकिलांना एकामागून एक भेटायचं, मध्ये जेवण. जेवताना ज्याला हात लावायचा नाही अशा पदार्थांची तिची यादीही आहे. नूडल्स आणि पालक त्यात सर्वांत वर.

हसू नकोस. मला आधी याची चीड यायची. वाटायचं, ही वकिलीची तयारी नव्हे, वकील दिसण्याची तयारी आहे. मग मला माझी मुलाखत आठवली. तुला माहीतच आहे, तरी पुन्हा सांगते. बाबांची आणि सरांची ओळख होती, म्हणून मला त्यांच्या ऑफिसात जागा मिळाली. सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "सायकल येते का?" येते म्हटल्यावर, "मग सोमवारपासून या." संपली मुलाखत. तीन वर्षं मी त्या सायकलवरून वकालतनामे आणि मुदतीचे अर्ज वाहिले. पहिलं वर्ष पैशाचं नाव नाही, आणि ते मागायचे असतात हे मला कुणी सांगितलंही नाही. माझ्याच वर्गात माझ्याहून हुशार एक मुलगी होती. तिच्या वडलांची कुणाशीच ओळख नव्हती. ती कुठे आहे, तुला माहीत आहे? मला नाही.

ओळखीचा दरवाजा आणि बंद दरवाजा, हे दोन्ही बायकांनी पुष्कळ पाहिलेत. आपल्या नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डात कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाली, पण स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा व्हायला 1923 उजाडलं. इथेही काही वेगळं नव्हतं. सँड्रा डे ओकॉनर 1952 मध्ये स्टॅनफर्डहून वरच्या क्रमांकानं बाहेर पडल्या, तर एका फर्मनं त्यांना देऊ केली ती सेक्रेटरीची जागा. रूथ बेडर गिन्सबर्ग 1959 मध्ये कोलंबियात संयुक्त पहिल्या आल्या आणि न्यूयॉर्कच्या एकाही फर्मनं त्यांना घेतलं नाही. दोघी पुढे सर्वोच्च न्यायालयात बसल्या, ती गोष्ट वेगळी. तेव्हा उत्तरपत्रिकेवर नाव नाही, क्रमांक आहे, ही गोष्ट मला आता तितकीशी कोरडी वाटत नाही. आमच्या आडनावाचा उच्चार इथे धड कुणाला येत नाही, पण क्रमांक सगळ्यांना वाचता येतो.

तरी एक खंत आहेच. ईरा कायद्याकडे वळली ती भाडेकरूंच्या खटल्यांसाठी. कॉलेजात असताना ती अशा एका संस्थेत जायची. या उन्हाळ्यात ती नेवार्कच्या कोर्टात एका न्यायाधीशांकडे बिनपगारी काम करतेय, आणि संध्याकाळी त्याबद्दल बोलते तेव्हा तिचा चेहरा निराळाच असतो. मुलाखतींत मात्र ती कंपन्यांच्या विलीनीकरणाबद्दल बोलते. खोटं बोलते असं नाही. पण कायद्याचे अजून दोन-चार विषयच शिकलेल्या मुलीला आयुष्यभर कुठला कायदा करायचाय, हे जूनमध्ये सांगायला लावायचं, हे मला पटत नाही. फर्मवाले दोन वर्षं थांबले असते तर काय बिघडलं असतं? ती म्हणते, "आई, कर्ज थांबत नाही ना." यावर मला उत्तर सुचलेलं नाही.

भाच्यासाठी दोन-चार गोष्टी. तुमच्याकडे मुलाखतीत कायदा विचारतात, तेव्हा त्यानं करार कायद्याचं 73 आणि 74 कलम, नुकसानभरपाई आणि इन्डेम्निटी यांतला फरक, कंपनी कायदा, हे पक्कं करावं. इंटर्नशिपमध्ये केलेल्या कामातलं एक तरी काम असं निवडावं की जे आजीला समजेल इतक्या सोप्या भाषेत सांगता येईल. अशिलांची नावं घेऊ नयेत. न येणाऱ्या प्रश्नाला 'येत नाही' म्हणावं, थापा मारू नयेत. समोरचा वीस वर्षं साक्षीदार उलटतपासत आलेला असू शकतो. आणि पाठ केलेलं उत्तर आदल्या रात्री विसरून जावं.

आता तुझ्यासाठी एक, रागावू नकोस. तुझ्याकडे जी नवी मुलगी ज्युनिअर म्हणून येते, तिचं तू त्या निरोपात कौतुक केलंस. सकाळी नऊला हजर असते म्हणालीस, संध्याकाळी फाइली लावून जाते म्हणालीस. तिला काय देतेस, ते बोलली नाहीस. बार कौन्सिल ऑफ इंडियानं 2024 मध्ये ज्युनिअरना शहरात महिना निदान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार द्यावेत, असं सुचवलं आहे. सक्ती नाही, मला माहीत आहे. पण आपण दोघींनी पहिलं वर्ष कसं काढलं, तेही मला माहीत आहे.

पुढच्या पत्रात आकडा लिही.

तुझी,
वसू

ता. क. ईराच्या दुसऱ्या फेरीच्या दोन मुलाखती पुढच्या आठवड्यात आहेत. विचारायच्या प्रश्नांच्या वहीत तिनं शेवटी माझा प्रश्नही लिहून ठेवलाय, 'इथे सायकल लागते का?' विचारू नकोस म्हणून मी बजावलंय.